खुल्या विकी-संकेतस्थळांचे संरक्षण : १९९५ ते २०२०

ज्या संकेतस्थळावरील मजकूर वाचणाऱ्या कोणाही व्यक्तीस तो तेथल्या तेथे बदलता येतो, त्या संकेतस्थळास ‘विकी’ ही संज्ञा आहे. या रचनेचा इतिहास अवघ्या तीन दशकांचा आहे. परंतु मुक्त प्रवेश आणि सामायिक संपत्तीचे रक्षण यांचा मेळ कसा घालावा, हा जो समाजशास्त्रातील जुना प्रश्न, त्याच्या अभ्यासास या अल्प कालखंडाने विपुल सामग्री पुरविली आहे. विकींच्या इतिहासात मुक्त सहकार्याच्या यशाकडे सहजच लक्ष जाते. ते यश ज्या राखणीवर उभे आहे, तिच्याकडे तितकेसे जात नाही. आगंतुक जाहिरातींच्या, म्हणजेच ‘स्पॅम’च्या उपद्रवापासून विकींनी आपले रक्षण कोणकोणत्या उपायांनी केले, ते उपाय कोणत्या क्रमाने आले आणि त्यांचे मोल कोणास द्यावे लागले, याचे विवेचन करणे हा प्रस्तुत निबंधाचा उद्देश आहे.

१. आरंभीचा काळ

वॉर्ड कनिंगहॅम या अमेरिकन संगणकतज्ज्ञाने २५ मार्च १९९५ रोजी ‘विकीविकीवेब’ हे पहिले विकी लोकांस खुले केले. ‘विकी’ हा हवाई भाषेतील शब्द असून त्याचा अर्थ ‘त्वरित’ असा आहे. होनोलुलू येथील विमानतळावरील ‘विकी विकी’ नावाच्या बसवरून कनिंगहॅम यांस हे नाव सुचले. संगणक-आज्ञावलींच्या रचनेविषयी जाणकारांनी परस्परांशी विचारविनिमय करावा, एवढाच त्या संकेतस्थळाचा मर्यादित हेतू होता. तेथे सदस्यनोंदणीची अट नव्हती, परवलीचा शब्द नव्हता आणि संपादकमंडळही नव्हते. राखणीचे म्हणता येईल असे मुख्य साधन म्हणजे ‘अलीकडील बदल’ हे पान होय. कोणत्या पानावर नुकताच हात फिरला आहे हे त्यावरून सर्वांस कळे, आणि ज्यास तो बदल अनुचित वाटे तो स्वतःच त्याची दुरुस्ती करी.

या व्यवस्थेमागील तत्त्व पुढे ‘मीटबॉलविकी’ या संकेतस्थळावर स्पष्ट शब्दांत मांडले गेले. सुनीर शहा यांनी २००० साली सुरू केलेले हे विकी प्रामुख्याने ऑनलाइन समुदायांच्याच अभ्यासासाठी होते. तेथील चर्चेत ‘मृदू संरक्षण’ ही कल्पना रूढ झाली. दार बंद करून उपद्रव टाळणे हे कठोर संरक्षण; उपद्रव होऊ द्यावा, परंतु तो निस्तरणे इतके सोपे ठेवावे की उपद्रव देणाराच थकावा, हे मृदू संरक्षण. येणाऱ्याच्या सद्भावनेवर प्रथम विश्वास ठेवावा आणि चूक झाल्यास ती क्षम्य मानावी, असा नैतिक आशयही या कल्पनेत अंतर्भूत होता.

हे तत्त्व व्यवहारात टिकण्यास मात्र एक तांत्रिक अट होती. पानाची पूर्वीची आवृत्ती उपलब्ध असल्यावाचून बिघडलेले पान पूर्ववत करता येत नाही. विकिपीडियाचा प्रारंभ १५ जानेवारी २००१ रोजी झाला तेव्हा तो क्लिफर्ड ॲडम्स यांच्या ‘यूजमॉडविकी’ या प्रणालीवर चालत असे आणि तीत जुन्या आवृत्त्या मर्यादित काळच राखल्या जात. जानेवारी २००२ मध्ये माग्नुस मान्स्के यांनी लिहिलेली नवी प्रणाली आली आणि तिच्यातूनच पुढे ‘मीडियाविकी’चा विकास होऊन प्रत्येक पानाचा समग्र इतिहास कायम राखण्याची प्रथा स्थिरावली. या इतिहासामुळे आक्रमण आणि प्रतिकार यांच्या श्रमांचे प्रमाण पालटले. पान विद्रूप करण्यास जेवढा वेळ लागे, त्याहून कमी वेळात ते पूर्ववत करता येऊ लागले.

या व्यवस्थेच्या परिणामकारकतेचे मापन २००४ साली झाले. फर्नांडा व्हिएगास, मार्टिन वॉटनबर्ग आणि कुशल दवे या संशोधकांनी विकिपीडियावरील पानांचे इतिहास तपासले. पानावरील बहुतेक सर्व मजकूर कोणी पुसून टाकल्याचे जे प्रसंग त्यांनी पाहिले, त्यांपैकी निम्म्याहून अधिक प्रसंगी पान तीन मिनिटांच्या आत पूर्ववत झाले होते. मृदू संरक्षणाच्या पुरस्कर्त्यांस याहून प्रबळ प्रमाण हवे होते असे म्हणता येणार नाही. तथापि हे प्रमाण खोडकर मनुष्यासंबंधीचे होते. खोडकर मनुष्य कंटाळतो. लाभासाठी चालविलेले यंत्र कंटाळत नाही. या भेदाचा प्रत्यय त्याच सुमारास येऊ लागला होता.

२. उपद्रवाचे अर्थकारण

आगंतुक जाहिरात ही विकीहून पुष्कळ जुनी आहे. ३ मे १९७८ रोजी अमेरिकेतील अर्पानेट या जाळ्यावर एका संगणक-कंपनीच्या विक्री-प्रतिनिधीने शेकडो जणांस एकच जाहिरात धाडली. या प्रकारचे ते पहिले उदाहरण मानले जाते. १२ एप्रिल १९९४ रोजी दोन वकिलांनी स्थलांतरविषयक कामाची आपली जाहिरात यूजनेटवरील हजारो चर्चागटांत एकाच वेळी टाकली, तेव्हा या प्रकाराचा बोभाटा सर्वत्र झाला. या दोन्ही प्रसंगी जाहिरातदारास अभिप्रेत असलेला वाचक हा मनुष्यच होता.

विकीवरील स्पॅमचे स्वरूप याहून मूलतः निराळे आहे. सर्गेई ब्रिन व लॅरी पेज यांनी स्टॅनफर्ड विद्यापीठात असताना १९९८ साली मांडलेल्या ‘पेजरँक’ पद्धतीत एखाद्या पानाकडे अन्य पानांवरून येणारे दुवे हे त्या पानाच्या महत्त्वाचे गमक मानले गेले. दुवा म्हणजे जणू मत, आणि प्रतिष्ठित पानावरील दुवा म्हणजे अधिक वजनाचे मत, असा हा हिशेब होता. गूगलचा शोधयंत्र म्हणून प्रसार झाल्यावर शोधाच्या निकालात वरचे स्थान मिळणे हे पैशांत मोजता येण्याजोगे झाले. अर्थातच दुवाही मोलाचा झाला. ज्या संकेतस्थळावर कोणासही विनामूल्य, विनापरवाना दुवा लिहिता येतो ते संकेतस्थळ म्हणजे अशा व्यापाऱ्यांना बिनराखणीचे शेत वाटले, यात नवल नाही.

या व्यवहारात विकीचा वाचक गौण होता. किंबहुना त्याच्या दृष्टीस जाहिरात पडूच नये अशी खटपट केली जाई. दुव्यांच्या रांगाच्या रांगा एक बिंदू उंचीच्या चौकटीत कोंबून किंवा अक्षरे अदृश्य करून लिहिल्या जात. मनुष्यास पान जसेच्या तसे दिसे, परंतु शोधयंत्राच्या सांगकाम्यास ते दुवे वाचता येत. यामुळे मृदू संरक्षणाचा पायाच डळमळला. उपद्रव डोळ्यांस दिसतो आणि दिसताच कोणीतरी तो दूर करतो, या गृहीतावर ती व्यवस्था उभी होती. शिवाय हे लेखन स्वयंचलित आज्ञावली करीत असल्यामुळे श्रमांचे प्रमाणही पुन्हा उलटले. मनुष्याने एक पान नीट करीपर्यंत यंत्र शेकडो पाने बिघडवू शकत होते. ज्या लहान विकींचे मूळ चालक अन्य उद्योगांत गुंतले होते, त्यांची पाने अशा दुव्यांखाली गाडली गेली.

३. अडसर, याद्या आणि गाळण्या

या संकटास उत्तर म्हणून जे उपाय निघाले त्यांचे तीन वर्ग पाडता येतात. लाभ नाहीसा करणे, प्रवेश अवघड करणे आणि आलेला मजकूर गाळून घेणे, असे ते तीन वर्ग होत.

पहिल्या वर्गातील प्रमुख उपाय म्हणजे ‘नोफॉलो’ हे चिन्ह होय. ज्या दुव्यास हे चिन्ह जोडले आहे त्यास मत म्हणून मोजले जाणार नाही, असे गूगलने जानेवारी २००५ मध्ये जाहीर केले आणि अन्य प्रमुख शोधयंत्रांनीही त्यास साथ दिली. इंग्रजी विकिपीडियाने जानेवारी २००७ मध्ये आपल्या सर्व बाह्य दुव्यांस हे चिन्ह लावले. उपाय तर्कशुद्ध होता, परंतु त्याने अपेक्षित फळ दिले नाही. स्वयंचलित आज्ञावलीस दुवा टाकण्याचा खर्च जवळजवळ शून्य असल्याने लाभ होईल की नाही याची चौकशी ती करीत बसत नाही. लोकप्रिय पानावरील दुव्यावरून प्रत्यक्ष वाचक येतात, तो लाभ तर शिल्लक राहिलाच. याउलट प्रामाणिक संदर्भासाठी दिलेल्या दुव्यांचे वजनही या चिन्हाने गेले. पुढे सप्टेंबर २०१९ मध्ये गूगलने हे चिन्ह आज्ञा म्हणून न पाळता केवळ सूचना म्हणून विचारात घेण्याचे धोरण जाहीर केले.

दुसऱ्या वर्गात ‘कॅप्चा’ येतो. वेडीवाकडी अक्षरे ओळखावयास लावून मनुष्य आणि यंत्र यांतील भेद पारखण्याची युक्ती १९९७ च्या सुमारास अल्टाव्हिस्टा या शोधयंत्राने योजली होती. तिचे शास्त्रीय विवेचन लुई फॉन आन, मॅन्युएल ब्लम आदींनी २००३ साली केले. नव्या सदस्याची नोंदणी करताना किंवा अनोळखी व्यक्तीने बाह्य दुवा घालताना हे कोडे पुढे करण्याची पद्धत विकींनी स्वीकारली. परंतु जेथे यंत्र अडले तेथे मनुष्य भाड्याने मिळू लागला. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन डिएगो येथील संशोधकांनी २०१० साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे आढळले, की अल्पवेतनी मजुरांकडून अशी एक हजार कोडी सुमारे एक डॉलरमध्ये, क्वचित त्याहूनही स्वस्तात, सोडवून मिळत होती. अडसराची उंची अशा रीतीने बाजारभावात मोजली गेली.

तिसऱ्या वर्गातील उपाय अधिक चिवट ठरले. निषिद्ध संकेतस्थळांची सामायिक यादी विकिमीडियाच्या ‘मेटा-विकी’वर ठेवण्यात आली, यादीतील पत्ता असलेला मजकूर जतनच होत नाही, आणि मीडियाविकी वापरणाऱ्या इतर संकेतस्थळांनाही ती यादी उपयोगात आणता येते. एका गावाने ओळखलेला चोर सर्व गावांना ठाऊक व्हावा, अशी ही योजना आहे. मार्च २००९ मध्ये इंग्रजी विकिपीडियावर ‘संपादन-गाळणी’ आली. तीत पत्त्याऐवजी वर्तनाचे नियम लिहिता येतात; नवागताने पहिल्याच संपादनात अनेक बाह्य दुवे घातल्यास त्यास सावध करावे, अशा स्वरूपाचे ते नियम असतात. २०१० च्या अखेरीस ‘क्लूबॉट एनजी’ हा सांगकाम्या कामास लागला. माणसांनी बऱ्या-वाईट ठरविलेल्या संपादनांवरून शिकून नव्या संपादनाची पारख करणे आणि उपद्रव वाटल्यास ते उलटविणे हे त्याचे कार्य होय. निरपराध संपादने किती प्रमाणात चुकून उलटली जावीत याची मर्यादा आधी ठरवून मगच तो चालविला जातो. संरक्षणात चूक होणारच हे येथे गृहीत धरलेले असून प्रश्न फक्त ती किती सोसावी एवढाच उरतो, ही बाब मननीय आहे.

यांखेरीज व्यक्तींच्या अधिकारांत श्रेणी निर्माण झाल्या. जॉन सायगनथालर या पत्रकाराविषयीचा खोटा मजकूर २००५ साली कित्येक महिने इंग्रजी विकिपीडियावर राहिल्याचे उघडकीस आल्यानंतर, त्याच वर्षाच्या डिसेंबरात नोंदणी न केलेल्या व्यक्तींचा नवे लेख निर्माण करण्याचा अधिकार तेथे काढून घेण्यात आला. चार दिवस आणि दहा संपादने पूर्ण केलेला सदस्य पक्का समजावा, हा इंग्रजी विकिपीडियावरील दंडक झाला. एप्रिल २०१८ पासून तेथे नवा लेख थेट प्रकाशित करण्यासही तीच अट लागू झाली. जर्मन विकिपीडियाने मे २००८ मध्ये याहून निराळा मार्ग धरला. तेथे कोणीही लिहावे, परंतु अनुभवी सदस्याने तपासल्यावाचून ते सामान्य वाचकास दिसू नये, अशी योजना झाली. पोर्तुगीज विकिपीडियाने ऑक्टोबर २०२० मध्ये लेखांच्या संपादनासाठी नोंदणीच आवश्यक केली.

४. शिष्ट वेशातील जाहिरात

यंत्रनिर्मित दुव्यांचा बंदोबस्त होत गेला तसतशी जाहिरात अधिक शिष्ट झाली. आता ती लेखाचा वेश घेऊन येऊ लागली. ऑक्टोबर २०१३ मध्ये, पैसे घेऊन ग्राहकांविषयी अनुकूल लेख लिहिणाऱ्यांची अडीचशेहून अधिक खाती इंग्रजी विकिपीडियावर बंद करण्यात आली. जून २०१४ मध्ये विकिमीडिया प्रतिष्ठानने आपल्या अटींत दुरुस्ती करून मोबदला घेऊन केलेल्या संपादनाची उघड कबुली देणे बंधनकारक केले. ऑगस्ट २०१५ च्या अखेरीस ३८१ खात्यांची एक टोळी उघडकीस आली आणि तिने निर्मिलेले २१० लेख काढून टाकण्यात आले. या टोळीची पद्धत विशेष उल्लेखनीय आहे. फेटाळले गेलेले मसुदे हेरून त्यांच्या विषयांशी संबंधित व्यक्ती व व्यवसायांकडे ती पैशांची मागणी करी. पुढे लेखाच्या ‘रक्षणा’साठीही मोबदला मागितला जाई. राखणदाराचेच सोंग चोराने घेतले होते.

अशा मजकुरास गाळणी अडवू शकत नाही, कारण त्यात निषिद्ध दुवा नसतो, भाषा संयत असते आणि तळटीपाही असतात. तो ओळखण्यास विषयाचे ज्ञान आणि सवड असलेला मनुष्यच लागतो. पंचवीस वर्षांच्या यांत्रिक प्रगतीनंतर राखणीचा प्रश्न अशा रीतीने पुन्हा ‘अलीकडील बदल’ वाचणाऱ्या डोळ्यांपाशी येऊन ठेपला.

५. मोल कोणी दिले

या उपायांचे मोल प्रामुख्याने नवागताने दिले, असे अभ्यासान्ती दिसते. ॲरन हाफेकर आणि सहकारी यांनी २०१३ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात इंग्रजी विकिपीडियावरील सक्रिय संपादकांची संख्या २००७ नंतर घटत गेल्याचे दाखविले. गुणवत्ता राखण्यासाठी निर्माण केलेले कडक नियम आणि अर्धस्वयंचलित साधने यांमुळे सद्हेतूने आलेल्या नवागतांची संपादनेही अधिक प्रमाणात नाकारली गेली आणि ते परत फिरले नाहीत, असे त्यांचे प्रतिपादन आहे. बेंजामिन माको हिल व ॲरन शॉ यांनी १३६ विकींचा अभ्यास केला. या सर्वांनी कधीतरी नोंदणीची सक्ती सुरू केली होती. सक्तीनंतर निकृष्ट संपादने घटली हे खरे, परंतु त्यांबरोबर उत्तम संपादनेही लक्षणीय प्रमाणात घटली. तण काढताना पीकही उपटले गेले.

याउलट राखणच न केल्याचे परिणामही नोंदलेले आहेत. ‘लॉस एंजेलिस टाइम्स’ या वृत्तपत्राने जून २००५ मध्ये आपला एक अग्रलेख वाचकांस संपादनासाठी खुला केला; अश्लील चित्रांच्या माऱ्यामुळे अवघ्या काही दिवसांत हा प्रयोग गुंडाळावा लागला. वृत्तपत्राजवळ संगणक होते, वाचकही होते. आपले पान आपण राखावे असे मानणारा समुदाय मात्र नव्हता, आणि तो दोन दिवसांत उभा राहत नाही. स्वतः ‘विकीविकीवेब’ही २०१४ च्या अखेरीस उपद्रवी लोकांच्या माऱ्याखाली सापडले आणि त्यानंतर केवळ वाचनापुरते उरले. ज्या विकीने मुक्त संपादनाची प्रथा पाडली त्याचेच दार, राखणदार पांगल्यावर, बंद झाले.

हा प्रश्न लहान भाषांच्या विकिपीडियांस अधिक तीव्रतेने भेडसावतो. मराठी विकिपीडियाचा प्रारंभ १ मे २००३ रोजी झाला. तेथील सार्वजनिक चर्चेच्या पानास ‘चावडी’ आणि स्वयंचलित आज्ञावलीस ‘सांगकाम्या’ ही जी नावे मिळाली, ती ग्रामव्यवस्थेशी असलेले या रचनेचे साम्य सूचित करतात. परंतु चावडीवर बसणारे थोडे आणि वेशी मात्र चहूकडून उघड्या, अशी लहान विकीची अवस्था असते. मोठ्या विकीसाठी रचलेली आयुधे तिला तशीच लागू पडत नाहीत. इंग्रजी मजकुरावर शिकविलेला सांगकाम्या मराठी संपादनाची पारख करू शकत नाही. विकिमीडियाचा कॅप्चा तर दीर्घकाळ रोमन अक्षरांतील शब्दांचाच होता; त्यामुळे मराठीत लिहू इच्छिणाऱ्या नवागतास प्रथम रोमन अक्षरांची परीक्षा द्यावी लागे, आणि ध्वनिरूप पर्यायाच्या अभावी अंध व्यक्तीस तर ती देताच येत नसे. सर्व विकींवर अधिकार चालणारे मोजके विश्वस्त सदस्य आणि लहान विकींवर नजर ठेवणारे स्वयंसेवक यांनी ही उणीव काही अंशी भरून काढली. तथापि परभाषिक स्वयंसेवकास दुव्यांची रांग ओळखता येते. मराठीतील स्तुतिपर लेखातील छुपी जाहिरात त्यास ओळखता येत नाही. ते काम भाषेच्या जाणकारांचेच राहते.

६. उपसंहार

गॅरेट हार्डिन यांनी १९६८ साली असे प्रतिपादन केले होते, की सर्वांस मोकळे असलेले गायरान प्रत्येकाच्या स्वार्थापायी अखेर उजाड होते. एलिनॉर ऑस्ट्रम यांनी १९९० साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात, सामायिक संपत्ती शतकानुशतके टिकविणारे समाज प्रत्यक्षात आहेत, हे सप्रमाण दाखविले. या कार्याबद्दल २००९ साली त्यांस अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक लाभले. उपभोग घेणाऱ्यांनीच देखरेख करणे, अपराधाच्या मानाने क्रमाक्रमाने वाढणारे शासन करणे आणि नियम बदलण्यात सर्वांस वाटा असणे, ही त्या समाजांची काही लक्षणे होत. विकींच्या इतिहासात हीच लक्षणे आढळतात. प्रथम सूचना, मग इशारा, मग काही काळ बंदी आणि अखेर कायमची बंदी, हा विकीवरील क्रम ऑस्ट्रम यांच्या विवेचनाशी जुळणारा आहे.

परंतु एका बाबतीत हे साम्य संपते. गायरानातील गवत चरल्याने कमी होते. विकीवरील ज्ञान वाचल्याने कमी होत नाही. येथे खर्ची पडते ते राखणाऱ्यांचे लक्ष आणि त्यांचा वेळ. स्पॅम करणारा वस्तुतः याच साठ्यावर डल्ला मारतो, आणि मुदलात विनावेतन असलेला हा साठा कोणत्याही ताळेबंदात दिसत नाही. म्हणून एखाद्या विकीच्या संरक्षणाचा विचार करताना किती उपद्रव अडविला एवढेच मोजणे अपुरे आहे. अडविताना किती सद्हेतू माणसे परत गेली आणि उद्याचे राखणदार ज्यांतून व्हावयाचे त्यांपैकी किती जण उंबरठ्यावरूनच फिरले, याचाही हिशेब मांडला गेला पाहिजे. कारण आजचा प्रत्येक राखणदार एके काळी अनोळखी नवागतच होता, आणि त्याच्या पहिल्या चुकीस कोणीतरी क्षमा केली होती.